पेटीतले ऊन

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊ येथे राहतो. आमच्या बारा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा आणून देण्याचे आम्ही कबूल केले आहे. तयार पेट्यांच्या किमती पाहून मी स्वतःच १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी केली असून पुढच्या बाजूला सरकत्या काचा बसवल्या आहेत. आता उष्णता आणि उजेड यांची सोय कशी करावी, येथे गाडी अडली आहे. एका दुकानदाराने तळाला गरम होणारी चटई घालायला सांगितले, दुसऱ्याने रात्रीसाठी लाल दिवा सुचवला, तर ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की पेटी खिडकीशी ठेवली तर अतिनील नळीचा खर्च वाचेल. प्राणी घरी यायला तीन आठवडे आहेत. काय घ्यावे आणि ते कोठे बसवावे?

उत्तर : प्राणी यायच्या तीन आठवडे आधी आपण हा प्रश्न विचारलात, याचे मला मनापासून बरे वाटले. या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे प्राण्याने खाणे सोडल्यावर लिहिलेली असतात, आणि तेव्हा दिवे बदलून भागत नाही, डॉक्टर गाठावा लागतो.

मराठीत 'ऊन' या एका शब्दात उजेड आणि ऊब दोन्ही येतात. बिअर्डेड ड्रॅगन हा आपल्या कुंपणावर मान डोलावणाऱ्या सरड्याच्याच कुळातला, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील अंतर्भागातल्या कोरड्या प्रदेशाचा रहिवासी आहे, आणि त्यालाही ऊन असे एकत्रच कळते. जेथे लख्ख उजेड तेथे ऊब, आणि तेथेच अतिनील किरण, हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, पण तो तेथे जातो तो बहुधा सकाळचे पहिले ऊन तेथे पडते म्हणून. म्हणून पेटीत उष्णतेचा एक दिवा येथे, उजेडाचा दुसरा तेथे, अशी मांडणी करू नये. पेटीच्या एका टोकाला उन्हाचा एक सलग तुकडा उभा करायचा आणि दुसरे टोक सावलीचे ठेवायचे, एवढी गोष्ट मनात पक्की ठेवली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

सावलीचे टोक उन्हाच्या टोकाइतकेच महत्त्वाचे का, हेही सांगायला हवे. सरपटणारे प्राणी हवेच्या तापमानामागे मुकाट फरपटत जातात, असा समज पूर्वी होता. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्यांवर काम करून १९४४ मध्ये दाखवून दिले की ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून हे प्राणी आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच काटेकोरपणे स्वतः राखतात. आपल्या पेटीत त्याला ही ये-जा करता आली पाहिजे. सगळी पेटी एकसारखी ३५ अंशांवर ठेवणे हे दयाळूपणाचे वाटले तरी त्यात त्याची निवड हिरावली जाते, आणि मग तो हळूहळू शिजत राहतो.

आकडे असे धरावेत. दिव्याखालच्या बसण्याच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सियस असावा, थंड टोकाची हवा २४ ते २६ अंशांच्या आसपास असावी, आणि रात्री दिवे मालवल्यावर तापमान २० अंशांपर्यंत उतरले तरी काही बिघडत नाही. उलट असा उतार त्याला मानवतो. आपल्या खोलीचे तापमान हिवाळ्यातल्या रात्री १८ अंशांखाली जात नसेल, तर रात्रीच्या उष्णतेची सोय करण्याची गरजच नाही.

उष्णतेसाठी परावर्तक असलेला, रुंद झोत टाकणारा साधा पांढरा हॅलोजन दिवा घ्यावा. घरगुती वापराचे हॅलोजन ब्रिटनमध्ये दुकानांतून जवळपास गेले असले तरी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे अजून मिळतात. हॅलोजनच का, तर त्याच्या अवरक्त किरणांत उन्हासारखाच लघुलहरींचा मोठा वाटा असतो आणि ही उष्णता कातडीखाली खोलवर पोहोचते. चिनी मातीचा उष्णतादीप, ज्याला सिरॅमिक हीटर म्हणतात, तो दीर्घलहरी देतो, आणि त्यांनी प्राण्याची वरची कातडी तापते पण आतले अंग थंडच राहते. आपल्या मापाच्या पेटीला ७५ वॅट बहुधा पुरतील, उन्हाळ्यात ५० वॅटही चालतील. दिवा छताला, उजव्या किंवा डाव्या टोकापासून साधारण एक फूट आत बसवावा आणि त्याच्याभोवती तारेची जाळी असलीच पाहिजे, कारण ड्रॅगन उडी मारून दिव्याला चिकटल्याची आणि पोट भाजून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. होल्डर चिनी मातीचाच घ्यावा. प्लॅस्टिकचा होल्डर काही महिन्यांत ठिसूळ होतो आणि लाकडी पेटीत तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

दिव्याखाली पाटीच्या दगडाचा एक रुंद तुकडा किंवा जाड फांदी अशा उंचीवर ठेवावी की बसलेल्या प्राण्याची पाठ दिव्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर राहील. झोताची रुंदीही पाहावी. पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसकट दीड-पावणेदोन फुटांचा होतो, आणि झोत लिंबाएवढा असेल तर पाठीचा एक ठिपका पोळतो व बाकी अंग गारठलेले राहते.

आता अतिनील नळी. आपल्या ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला कृपया मानू नये. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड आणि ऊब आत येते, पण ज्यांची गरज आहे ते अतिनील-ब (यूव्ही-बी) किरण काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. शिवाय स्लाऊ साधारण ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तेथे ऑक्टोबर ते मार्च या काळात उघड्यावरच्या उन्हातही हे किरण नगण्य असतात. या किरणांचे काम असे : त्वचेतल्या एका द्रव्यापासून ते ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार करतात, आणि त्या पूर्वरूपाचे ड-३ मध्ये रूपांतर व्हायला अंगाची ऊब लागते. म्हणजे किरण एका टोकाला आणि ऊब दुसऱ्या टोकाला असेल, तर काम अर्धवट राहते. ड-३ नसेल तर कितीही कॅल्शियम खाऊ घातले तरी ते अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, जबडा रबरासारखा लवतो, पाय थरथरतात. आपल्याकडे मुलांच्या मुडदुसात जे होते, त्याचीच ही जातकुळी. हा आजार टाळता येतो आणि तरीही तो पाळीव सरड्यांमध्ये सर्रास दिसतो, याचे मला फार वाईट वाटते.

नळी टी-५ प्रकारची, जास्त क्षमतेची, वेष्टनावर १२ टक्के किंवा १०.० असे लिहिलेली घ्यावी. चार फुटी पेटीला ३९ वॅटची, म्हणजे सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीची नळी उत्तम, कारण ती लांबीचा दोन तृतीयांश भाग व्यापते आणि थंड टोकाला खरी सावली उरते. ती परावर्तकासह छताच्या आतल्या बाजूला, दिव्याच्याच टोकाकडे सरकवून बसवावी. बारीक जाळीच्या वरून लावली तर जाळी किरणांचा मोठा भाग, कित्येकदा एक तृतीयांशाहून अधिक, खाऊन टाकते. प्राण्याच्या पाठीपासून नळीचे अंतर ३० ते ३८ सेंटिमीटर असावे. ज्यांच्याकडे अतिनील निर्देशांक मोजणारे यंत्र आहे, त्यांनी बसण्याच्या जागी ४ च्या आसपास आकडा येतो का, हे पाहावे. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्यांच्या अंगावर प्रत्यक्षात किती अतिनील किरण पडतात हे मोजून जे चार गट पाडले, त्यांतला तिसरा गट, म्हणजे कमाल निर्देशांक २.९ ते ७.४, हा ड्रॅगनला लागू धरला जातो. नळी नेहमी वरूनच हवी. त्याच्या डोळ्यांवरची खवल्यांची कड ही टोपीच्या झापेसारखी वरच्या उन्हासाठी आहे, बाजूने येणाऱ्या प्रकाशापुढे तिचा काही उपयोग होत नाही आणि डोळे सुजतात.

या नळीत एक फसगत आहे. ती दिसायला वर्षानुवर्षे तशीच उजळ दिसते, पण तिचे अतिनील किरण हळूहळू ओसरत जातात आणि ते ओसरणे आपल्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून बसवलेल्या दिवसाची तारीख नळीच्या टोकाच्या पट्टीवर मार्करने लिहून ठेवावी आणि बारा महिन्यांनी नळी बदलावी. नळीखेरीज पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या एलईडीची एक पट्टी लावली तर प्राण्याची हालचाल स्पष्ट वाढलेली दिसते, असा माझा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियातल्या लख्ख दिवसापुढे आपली पेटी अंधारीच असते.

लाल दिवा मुळीच नको. 'त्यांना लाल दिसत नाही' हे दुकानांतून पिढ्यानपिढ्या सांगितले जाणारे असत्य आहे. ड्रॅगनला आपल्यापेक्षा अधिक रंग दिसतात आणि त्याच्या डोक्यावर मधोमध उजेड ओळखणारा एक तिसरा, खवल्याखालचा डोळाही असतो. रात्र ही रात्रच असू द्यावी. खोली फारच थंड होत असेल, तर तेवढ्यापुरता उजेड न देणारा सिरॅमिक हीटर जाळीच्या आवरणात बसवावा. तळाच्या चटईचेही तेच : ऊन पायाखालून येत नाही. पोटाला लागणारी जास्त उष्णता या प्राण्यांना वेळेवर उमगत नाही आणि ते तसेच बसून राहतात.

दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेले तापमान आपोआप राखणारे यंत्र, हवाच, आणि तो दिवा मंद-प्रखर करणारा हवा. चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटने दिवा सारखा उघडझाप करतो, तो लवकर जातो आणि प्राणीही बिथरतो. सिरॅमिक हीटरसाठी मात्र ठोके देऊन चालणारा, पल्स प्रकारचा थर्मोस्टॅट योग्य. वेळेसाठी टायमर लावून उन्हाळ्यात १४ आणि हिवाळ्यात १० तासांचा दिवस द्यावा. पेटीत शिरणाऱ्या तारांच्या भोकांना रबरी कडी घालावी, जोडणी प्रशिक्षित वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावी आणि हे सगळे आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे संरक्षण, असलेल्या सॉकेटवरच चालवावे.

पेटी लाकडी असल्याने हवा खेळती राहील याची आठवण ठेवावी : थंड टोकाला खाली एक आणि गरम टोकाला वर एक अशी साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची जाळीदार भोके पाडली की गार हवा खालून येते आणि तापलेली वरून निघते. आतून पाण्यावर आधारित वॉर्निश लावले असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे. मग सगळे दिवे नेहमीच्या वेळापत्रकाने आठवडाभर लावून पेटी रिकामीच चालवावी आणि रोज काच उघडून वास घ्यावा. तापल्यावर वॉर्निशचा वास येत असेल, तर प्राणी आत सोडू नये, मग वाढदिवस आठवडाभर पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

याच आठवड्यात मोजमाप करावे. मी इंग्लंडात पाळलेल्या पहिल्या ड्रॅगनच्या पेटीत, एका दुकानातून आणलेला चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक मागच्या भिंतीला लावला होता. तो निष्ठेने ३२ दाखवत असे. प्राणी दिव्याखालच्या दगडावर दोन क्षण बसून उतरायचा आणि दिवसभर पाण्याच्या भांड्यामागे तोंड उघडे ठेवून पडायचा. मित्राकडून पृष्ठभागाचे तापमान मोजणारी अवरक्त बंदूक आणली आणि दगडावर धरली, तेव्हा आकडा ५८ आला. त्या दिवसापासून भिंतीवरच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. बसण्याच्या जागेसाठी अवरक्त बंदूक आणि दोन्ही टोकांच्या हवेसाठी तारेचे डिजिटल तापमापक, एवढे घ्यावेच.

प्राणी आल्यावर मात्र सर्वांत खरे मोजमाप तोच देतो. मुलीला सकाळी दिवा लागल्यावर अर्धा तास पेटीसमोर शांत बसू द्या. आधी तो काळपट राखी दिसेल, फासळ्या फाकवून भाकरीसारखा चपटा होईल आणि पाठ दिव्याकडे कलती करील. गडद रंग आणि पसरलेले अंग, दोन्ही ऊब लवकर घेण्यासाठीच. वीसेक मिनिटांत रंग उजळून पिवळसर होत जाईल, मग तोंड किंचित उघडेल आणि थोड्या वेळाने तो आपण होऊन उतरून सावलीत जाईल. असे घडले की पेटी जमली. तो दिव्याखालून दिवसभर हललाच नाही, तर ऊब कमी आहे, आणि थंड टोकाच्या भिंतीला नाक लावून बसला, तर ती जास्त आहे.

प्रश्न : पुण्यात माझ्या मित्राने परगावी जाताना त्याची दोन वर्षांची हिरवी इग्वाना, म्हणजे मोठ्या सरड्याची एक जात, मला सांभाळायला, म्हणजे कायमचीच, दिली आहे. सध्या ती माशांच्या मोठ्या काचपेटीत असून सकाळी मी ती पेटी गॅलरीत उन्हात ठेवतो. जुन्या लाकडी कपाटाचे घर करून द्यायचा विचार आहे. पुण्यात एवढे ऊन असताना दिवे लागतील का? आणि वीज गेली तर काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी, काचपेटी उन्हात ठेवणे आजपासून बंद करा. बंद काचेत काही मिनिटांतच भट्टी होते, प्राण्याला पळायला सावली नसते, आणि ज्या अतिनील किरणांसाठी आपण हा खटाटोप करता ते काच येऊच देत नाही.

कपाटाची कल्पना मला आवडली. इग्वाना ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पाणथळ रानांत झाडांवर राहणारी आहे, ती दीड मीटरपर्यंत वाढते, म्हणून तिला लांबीपेक्षा उंची हवी. कपाट माणसापेक्षा थोडे उंच असेल आणि आत बाहूएवढ्या जाड फांद्या तिरक्या बसवल्या, तर वर ऊन आणि खाली गारवा असा उतार आपोआप मिळतो. वरच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश, खाली २६ ते २८ अंश, आणि रात्री २२ ते २३ अंशांच्या खाली नको. दाराची एक फळी काढून तेथे तारेची जाळी लावा, पण सगळे कपाट जाळीचे करू नका. तिला दमट हवा लागते आणि ती जाळीतून टिकत नाही.

पुण्याचे ऊन हे खरेच भाग्य आहे, ते काचेविना द्या. जाळीचा एक वेगळा पिंजरा करून त्याचा अर्धा भाग ओल्या गोणपाटाने झाकावा आणि सकाळी अर्धा ते एक तास, आपण समोर असतानाच, तिला त्यात ठेवावे. एप्रिल-मेच्या दुपारी मुळीच नको. तरीही अतिनील नळी लागेलच, कारण जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि आपल्यालाही रोज सकाळी तास काढणे जमत नाही. हिवाळ्याची बाब अधिक गंभीर आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री १०-१२ अंशांपर्यंत, कधी त्याहून खाली उतरतो. आपल्याला ती गुलाबी थंडी वाटते, इग्वानाला मात्र ती सोसत नाही, पोटातला पाला पचतच नाही. त्यासाठी कपाटात वरच्या बाजूला जाळीत बंद केलेला सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. कपाटाच्या पाठीला बाहेरून थर्माकोल चिकटवला तर ऊब टिकते. आतून लावू नये, कारण ती तो कुरतडून खाते आणि हीटरजवळ तो पेटूही शकतो.

वीज गेली तर तास-दोन तास घाबरण्यासारखे काही नाही. हीटर इन्व्हर्टरवर चालवला तर बॅटरी लवकर संपते. त्यापेक्षा रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती जाड टॉवेलात गुंडाळून खालच्या फळीवर ठेवावी आणि हवेची भोके मोकळी ठेवून कपाटावर रजई टाकावी.

एक कागदोपत्री काम मात्र टाळू नका. हिरवी इग्वाना 'साइट्स' या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून, तिच्या आधारे २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगण्याची आणि हस्तांतराची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. मित्राने नोंद केली होती का, हे विचारून घ्या. या निमित्ताने, घोरपड पाळण्याविषयी विचारणाऱ्या दोन वाचकांनाही येथेच उत्तर देतो : घोरपड अनुसूची १ मधील संरक्षित प्राणी आहे, ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि सापडलेले पिल्लू वनविभागाकडे द्यावे.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्याकडे लेपर्ड गेको आहे. तिच्या पेटीत विजेवर गरम होणारा खोटा दगड ठेवला होता. तिच्या पोटावर तपकिरी डाग पडले आहेत. ही कात टाकण्याची खूण आहे का?

उत्तर : नाही, वर्णनावरून तो भाजल्याचा डाग वाटतो. दगडाची वायर आजच काढा आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे तिला न्या. भाजलेल्या कातडीत जंतुसंसर्ग फार लवकर होतो आणि घरगुती मलमे लावू नयेत. लेपर्ड गेको ही पापण्या असलेली, भिंतीवर न चढणारी पाल आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या टेकड्यांत ती संध्याकाळी, उन्हाने दिवसभर तापलेल्या दगडांवर पोट टेकून ऊब घेते. पेटीत हेच करावे : दिवसा वरून हॅलोजनने खरा, सपाट दगड ३२ ते ३४ अंशांपर्यंत तापवावा, त्याच्याखाली लपायला पोकळी ठेवावी आणि संध्याकाळी दिवा मालवावा. दगड बराच वेळ कोमट राहतो आणि तेवढी ऊब तिला पुरते. जखम भरेपर्यंत तळाची वाळू काढून साधा, न छापलेला कागद घालावा आणि तो रोज बदलावा.